भिंतीवरचे घरजावई

घरजावयाला भिंत खरवडायला सांगू नये, आणि सांगितलीच तर त्याच्या खिशात भिंग नाही ना, एवढं तरी बघून घ्यावं. त्या घरात यातली कुठलीच खबरदारी घेतली गेली नाही, म्हणून पुढचं सगळं रामायण घडलं.

घर सासऱ्यांचं. ते बांधकाम खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेले, त्यामुळे गल्ली त्यांना साहेब म्हणायची. घर त्यांनी स्वतः उन्हात उभं राहून बांधून घेतलं होतं. कुठली वीट कुठल्या भट्टीची, कुठल्या खोलीचा गिलावा कुठल्या महिन्यात झाला, सगळं तोंडपाठ, आणि कुणी विचारलं नाही तरी ते सांगत. या घरात त्यांची एकुलती एक मुलगी लग्नाआधी राहायची आणि लग्नानंतरही राहिली. बाहेरून आला तो फक्त तिचा नवरा. गल्ली त्याला जावई म्हणायची. दूधवाला जावई म्हणायचा, पोस्टमन जावई म्हणायचा, आणि एकदा डोळे तपासायला दुकानात आलेल्या बाईंनीही मालकाला विचारलं, "ते साहेबांचे जावई कुठंयत?" त्याला आईवडिलांनी ठेवलेलं एक चांगलं नाव होतं. ते आता फक्त दुकानाच्या हजेरीत उरलं होतं.

दुकान चष्म्यांचं. काचा घासून फ्रेममध्ये बसवणं हे जावयाचं काम. दिवसभर डोळ्याला भिंग लावायचं आणि काचेवर ओरखडा आहे का ते शोधायचं. कष्टाळू माणूस, पगार घरातच यायचा. पण आयत्या बिळावर नागोबा ही म्हण गल्लीने त्याच्यासाठी राखून ठेवलेली होती. शेजारचे निवृत्त हेडमास्तर तर ती व्याकरणाच्या तासाला सांगावी तशी अर्थ आणि उपयोगासकट सांगत.

सासरे त्याच्याशी वाईट वागत होते असं मुळीच नाही. वाईट वागले असते तर तक्रार तरी करता आली असती. ते त्याच्याशी पाहुण्यासारखे वागत. लग्नाला इतकी वर्षं झाली, जावयाचे केस कपाळावरून मागे सरकले, तरी पहिलं ताट त्याचं, वर्तमानपत्र आधी त्याला, आणि घरातल्या कुठल्याही कामाला तो उठला की "तुम्ही बसा हो." एकदा दुकानाचं कॅलेंडर लावायला त्याने भिंतीत खिळा ठोकायची इच्छा बोलून दाखवली होती. सासऱ्यांनी भिंतीकडे अशा मायेने बघितलं की जावयाने हातोडी जागेवर ठेवून दिली.

म्हणून जेव्हा कंपाउंडच्या भिंतीला रंग द्यायचं ठरलं, आणि भिंतीवर उगवलेलं सगळं आधी खरवडून काढा असं रंगारी सांगून गेला, आणि त्या कामाला ठरवलेला मजूर आलाच नाही, तेव्हा जावई घाईघाईने म्हणाला, "मी करतो, बाबा. आज सुट्टीच आहे." सासऱ्यांनी आधी आकाशाकडे बघितलं, मग रस्त्याकडे. मजुराचा पत्ता नव्हता. शेवटी त्यांनी लोखंडी पट्टी जावयाच्या हातात दिली. जावयाला तेव्हा जो आनंद झाला तो लग्नातल्या आनंदापेक्षा कमी नव्हता, फक्त हे बायकोला सांगण्यासारखं नव्हतं.

भिंतीवर जे उगवलं होतं त्याला दगडफूल म्हणतात हे त्याला माहीत होतं. यापलीकडे त्याचं ज्ञान शून्य. भिंतीच्या मधोमध, वितीपेक्षा रुंद, करड्या रंगाचा, झालरीसारख्या कडेचा एक मोठा चकंदळा, गोल चट्टाच म्हणा ना, होता. त्याचा अर्धा भाग उन्हात आणि अर्धा शेजारच्या पाण्याच्या टाकीच्या सावलीत. जावयाने पहिला फटका उन्हातल्या कडेला मारला. करडी कातडी निघाली आणि तिच्याखाली चक्क हिरवं दिसलं. ताजं, पोपटी हिरवं. बाहेरून राखेसारखी दिसणारी वस्तू आतून हिरवी कशी? माणसाने अशा वेळी दुसरा फटका मारावा. त्याने खिशातून भिंग काढलं.

झालं. त्यानंतर त्या दिवशी भिंत खरवडणं असं फारसं झालंच नाही. तो गुडघ्यावर बसून भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकत गेला. नळाच्या बाजूला, जिथे ऊन कधीच पोचत नाही, तिथला पातळ डाग नखाने खरवडला तर आतून केशरी निघाला. पन्हळीखाली काळपट असं काही होतं, ते ओलं असताना जेलीसारखं फुगायचं आणि आतून निळसर दिसायचं. एकच भिंत, एकच गिलावा, आणि प्रत्येकाच्या पोटात वेगळा रंग. जेवणाची हाक आली तेव्हा त्याने तळहाताएवढी भिंत साफ केली होती. सासरे बघायला आले, त्यांनी तळहात बघितला, जावयाकडे बघितलं, आणि अत्यंत सौजन्याने म्हणाले, "तुम्ही बसा आता." जावयाला ते फार लागलं.

बायकोची मावसबहीण कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. नात्याने मेहुणी, स्वभावाने तर पक्की मेहुणी. जावयाने तिला फोन लावला. तिने जे सांगितलं ते असं की दगडफूल हा एक जीव नव्हेच. बाहेरची कातडी, झालर, भिंतीला धरून ठेवणारे धागे ही सगळी बुरशी. तिच्या आत जे हिरवं दिसतं ते शेवाळ, एकेका पेशीचं, डोळ्याला न दिसणारं. बुरशी घर देते, ऊनवाऱ्यापासून सांभाळते. शेवाळ सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतं आणि त्यातलं बरंचसं बुरशीला देतं.

"म्हणजे घर बुरशीचं, पण घर चालवतं शेवाळ?" जावयाने विचारलं.

"अगदी तसंच नाही, पण चालेल," मेहुणी म्हणाली. शिक्षकाने 'चालेल' हा शब्द फार जपून वापरावा. जावयाने तो तसाच धरून ठेवला. निसर्गाने घरजावई ही संस्था कोट्यवधी वर्षांपूर्वीच मान्य केली आहे, असा त्याने त्याचा अर्थ लावला. ही गोष्ट त्याने बायकोला सांगितली, दुकानात मालकाला सांगितली, आणि नंबर तपासायला आलेल्या एका गृहस्थाला तर अक्षरांची पाटी वाचत असतानाच सांगितली. त्या गृहस्थांचा नंबर त्या दिवशी चुकीचा निघाला.

पण दोनच दिवसांत मेहुणीने त्याच्या आनंदावर विरजण घातलं. ती म्हणाली, सगळ्या दगडफुलांत एकच शेवाळ असतं असं समजू नका, भावजी. केशरीवाल्यात वेगळ्या कुळाचं, निळसरवाल्यात तर खरं म्हणजे शेवाळही नाही, त्याहून जुना एक जीव. आणि हिरवी जी आहेत ती सूक्ष्मदर्शकाखाली सगळी सारखीच हिरवी गोळी दिसतात, पण वंशाची तपासणी केली की कळतं, एकसारख्या दिसणाऱ्यांत कितीतरी जाती आहेत. एकाच जातीची बुरशी इथे एक शेवाळ बाळगते, डोंगरावर दुसरं. उन्हाला एक मानवतं, सावलीला दुसरं.

जावयाने दबक्या आवाजात विचारलं, "म्हणजे जावई बदलता येतो?"

मेहुणी हसत सुटली आणि तिने फोन ठेवला. पण त्याच्या डोक्यात भुंगा शिरला तो शिरलाच. तो मधला मोठा चकंदळा, अर्धा उन्हात, अर्धा सावलीत. बाहेरून एकसंध, कुठे जोड नाही. त्याच्या उन्हातल्या भागात राहतो तोच सावलीतल्या भागात राहतो का? की एकाच छपराखाली दोघे? आणि जिथे ऊन संपून सावली सुरू होते तिथे कोण? हे कळल्याशिवाय ती भिंत रंगवणं म्हणजे पत्र न वाचता फाडणं. मेहुणी म्हणाली, नमुने आणून द्या, माझ्या विद्यार्थ्यांच्या नमुन्यांबरोबर तपासायला पाठवते, पण वेळ लागेल. वेळ हीच तर पंचाईत होती, कारण रंगारी येणार होता.

जावयाने धीर करून सासऱ्यांपुढे विषय काढला. त्या भिंतीवरचा तो तेवढा तुकडा ठेवू या का, एवढंच. आयुष्यात त्याने त्या घराकडे पहिल्यांदा काहीतरी मागितलं. सासऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले की हौस म्हणून तुम्ही काय वाटेल ते बघा, पण भिंत ही भिंत आहे, ती ठिगळं लावून रंगवत नसतात. त्यांचा आवाज गोड होता, म्हणूनच पुढे बोलायची सोय उरली नाही. बायको रात्री म्हणाली, "अहो, एवढं काय त्यात? दगडफुलं पलीकडच्या रस्त्यावरही आहेत." तिला कसं सांगणार, की पलीकडच्या रस्त्यावरची भिंत त्याच्या घराची नाही.

इथे हेडमास्तर मदतीला धावले. अर्थात त्यांच्या पद्धतीने. भिंतीच्या पलीकडे त्यांचं अंगण. जावई रोज दुकानातून आल्यावर भिंतीशी गुडघे टेकतो हे त्यांनी पाहिलं होतं आणि काळजीपोटी रोज एक उपाय सुचवला होता: मिठाचं पाणी, चुन्याची निवळी, उकळतं पाणी, फिनेल. जावयाने एकदा उत्साहाच्या भरात त्यांना सांगितलं की यात बुरशी असते. हेडमास्तरांनी 'बुरशी' एवढंच ऐकलं. बुरशी भिंतीतून आपल्या बाजूला येणार, तिथून स्वयंपाकघरात, तिथून फुप्फुसात, हा प्रवास त्यांनी एका संध्याकाळी मनातल्या मनात पूर्ण केला आणि नगरपालिकेत तक्रार करून आले.

नगरपालिकेतून निरीक्षक आले. सज्जन माणूस, हातात जाडजूड वही. त्यांनी भिंत बघितली आणि विचारलं, "हे नक्की काय आहे?" सासरे म्हणाले घाण आहे. हेडमास्तर म्हणाले रोग आहे. जावयाने घसा साफ करून सगळं पहिल्यापासून सांगितलं, भिंग दिलं, आतलं हिरवं दाखवलं. निरीक्षकांना ते फार आवडलं आणि तिथेच घोळ झाला. ओल आणि बुरशी हे त्यांच्या खात्याचं. शेवाळ पाणीपुरवठ्याकडे. झाडझाडोरा उद्यान विभागाकडे. इथे बाहेर बुरशी, आत शेवाळ, आणि दिसायला झाड. त्यांनी भिंतीशी उभं राहूनच तीन ठिकाणी फोन केले. पाणीपुरवठावाले म्हणाले आत असलं तर बुरशीवाल्यांचं. उद्यानवाले म्हणाले मुळं असली तर सांगा. निरीक्षकांनी मुळं शोधली, मिळाली नाहीत.

शेवटी त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं आणि तज्ज्ञाचा अभिप्राय येईपर्यंत भिंत 'जैसे थे' ठेवावी, खरवडू नये, रंगवू नये, असं लिहून दिलं.

हेडमास्तर चक्रावले. त्यांना बुरशी काढायची होती, तिला सरकारी संरक्षण मिळालं. सासरे मात्र संतापले. ज्यांनी जन्मभर लोकांच्या बांधकामांवर असे शेरे मारले, त्यांच्याच भिंतीवर शेरा! आणि जावयाला जे त्या घराने दिलं नव्हतं ते नगरपालिकेने दिलं. तो आनंदाने आत गेला आणि आनंद दिसू नये म्हणून तोंड धुऊन बाहेर आला.

आता नमुने घ्यायचे. मेहुणीने बजावलं होतं की प्रत्येक जागेचा कण वेगळा ठेवा, कोरडा ठेवा, एकमेकांत मिसळू देऊ नका. घरात असं भांडं एकच होतं. सासऱ्यांची गोळ्यांची डबी, वारांप्रमाणे खण असलेली. म्हणजे तशा दोन होत्या. जुनीचं एक झाकण ढिलं झालं म्हणून बायकोने हुबेहूब तशीच नवी आणली होती. जुनी तिने नवऱ्याला दिली. त्याने उन्हातल्या कडेपासून सावलीतल्या कडेपर्यंत ओळीने कण खरवडले आणि खणाखणांत भरले. सोमवार म्हणजे भर ऊन, रविवार म्हणजे गर्द सावली, आणि ऊनसावलीच्या बरोब्बर सीमेवर गुरुवार. काम इतकं चोख झालं की त्याने डबी दोनदा उघडून स्वतःचंच कौतुक केलं. मग ती फ्रिजवर ठेवली. दुसरी डबीही फ्रिजवरच असायची.

पुढे काय झालं हे चाणाक्ष वाचकाला सांगायची गरज नाही, पण जावई चाणाक्ष नव्हता, त्याला ते फोनवरून कळलं. गुरुवारी दुकानात जाताजाता त्याने डबी कॉलेजात पोचवली. दुपारी मेहुणीचा फोन आला.

"भावजी, नमुने छान आहेत. सगळे गोल आहेत, आणि काहींवर कंपनीचं नाव पण छापलंय."

जावई चष्म्याची काच हातात तशीच धरून घरी धावला. सासरे शांतपणे वर्तमानपत्र वाचत होते. त्यांची शिस्त ठरलेली. डबी घ्यायची, त्या वाराचा खण उघडायचा, तोंडात रिकामा करायचा, वर पाणी. बघायचं नाही. औषधाकडे बघत बसणारा माणूस आजारी पडतो असं त्यांचं मत होतं.

"सकाळची गोळी घेतलीत, बाबा?"

"घेतली. कडू होती. आणि तुकडे होते. मी म्हटलं पोरीने गिळायला सोपं जावं म्हणून मोडून ठेवल्यात."

बायको खुर्चीत बसली. जावई उभाच राहिला, कारण बसायचं त्याला सुचलं नाही. घरात राहून काय दिवे लावले, तर सासऱ्यांना भिंत खाऊ घातली. डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी जीभ बघितली, नाडी बघितली, मेहुणीशी फोनवर बोलून घेतलं, खाली मान घालून बराच वेळ खोकल्यासारखं केलं आणि सांगितलं की एवढ्याशा कणाने काही होत नाही, भरपूर पाणी प्या आणि खऱ्या गोळ्या चुकवू नका. पण घरी पोचेपर्यंत बातमी गल्लीत पोचली होती. साहेबांच्या पोटात बुरशी गेली, ती आता वाढणार, असं कुणीसं म्हणालं. हेडमास्तर मिठाचं पाणी घेऊन दारात हजर होते. भिंतीसाठी सुचवलेला उपाय त्यांनी साहेबांसाठीही तसाच ठेवला होता.

त्या संध्याकाळी जावयाने सासऱ्यांची माफी मागितली. आता हे तुकड्याबिकड्याचं खूळ पुरे, अभिप्राय आला की मी स्वतः सगळी भिंत साफ करतो, असं काहीतरी तो म्हणाला. सासऱ्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. जावयाला वाटलं, आता येणार 'तुम्ही बसा'.

"गुरुवारच्या खणात कुठला होता?" सासऱ्यांनी विचारलं.

"सीमेवरचा. ऊन आणि सावली यांच्या मधला."

"त्यात कोण असतं?"

"तेच तर बघायचं होतं. तो नमुना आता नाही."

"नाही कसा? माझ्या पोटात आहे," सासरे म्हणाले. "माझ्या पोटात काय गेलंय ते मला कळायला नको? उद्या परत घेऊ. आणि असे अंदाजपंचे नाही घ्यायचे."

दुसऱ्या दिवशी सासरे ओळंबा, पाणसळ आणि दोरीचं रीळ घेऊन भिंतीशी उतरले. सरळ उभ्या आणि आडव्या दोऱ्या बांधून त्यांनी त्या चकंदळ्यावर चौकोन पाडले, जणू त्यावर दुसरा मजला चढवायचा होता. ऊन कुठपर्यंत येतं हे त्यांनी सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी खडूने आखलं. जावई चिमट्याने कण उचलायचा आणि सासरे मागून सूचना करायचे: इथला नको, त्याच्या वरचा, हात स्थिर ठेवा, दोरीला धक्का लागला, परत. जावयाच्या पाठीला रग लागली. उन्हाने मान भाजली. पण इतक्या वर्षांत सासऱ्यांनी त्याला पहिल्यांदाच कामात चूक काढून दाखवली होती, आणि तो मनातून इतका सुखावला होता की मुद्दाम आणखी एकदा त्याने दोरीला धक्का लावला. मग सासऱ्यांनी भिंग मागून घेतलं. एक डोळा मिटून ते किती तरी वेळ भिंतीशी वाकून राहिले.

"दार कुठंय यांना?" त्यांनी विचारलं. दोघे आळीपाळीने शोधत राहिले.

नमुने या वेळी कागदाच्या पुड्यांतून गेले. फ्रिजच्या आसपासही त्यांना येऊ दिलं नाही. दिवस जात राहिले, सासरे रोज एकदा 'आलं का काही?' विचारत राहिले, आणि एका रविवारी मेहुणी स्वतःच निकाल घेऊन आली.

तिने सांगितलं की त्या चकंदळ्यातली बुरशी या कडेपासून त्या कडेपर्यंत एकच, त्यात काही दुमत नाही. पण उन्हातल्या भागात एका वंशाचं शेवाळ आणि सावलीतल्या भागात दुसऱ्या. सूक्ष्मदर्शकाखाली ओळखू न येणारी, पण वेगळी. आणि मधल्या पट्ट्यात, साहेबांनी खडूने आखलेल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना, दोघंही एकत्र.

"म्हणजे माझ्या पोटात दोघे गेले," सासरे समाधानाने म्हणाले.

जावयाला मात्र त्याची जुनी शंका विचारल्यावाचून राहवेना. आधी एकच असणार. मग दुसरा आला तेव्हा पहिल्याला काढलं का? मेहुणी या वेळी हसली नाही. कोण आधी आलं हे आपल्याला सांगता येणार नाही, ती म्हणाली. पण मधल्या पट्ट्यात तरी कुणी कुणाला काढलेलं दिसत नाही. ज्याला जिथे मानवतं तिथे तो जास्त वाढतो.

"पण घर आधीचं," सासरे म्हणाले. "बुरशीने घर बांधलं, मग हे आले राहायला."

"नाही ना, काका. तीच तर गंमत आहे. बुरशीचा कण वाऱ्याने येऊन भिंतीवर पडतो. एकटा असला तर नुसते दोन-चार धागे फुटतात. ही कातडी, ही झालर, काही म्हणजे काही होत नाही. योग्य शेवाळ भेटलं तर आकार येतो, नाहीतर धागे तसेच सुकून जातात. शेवाळाचं एक वेळ एकट्याने भागतं. बुरशी त्याच्याशिवाय घर बांधूच शकत नाही."

जावयाला वाटलं, आता इथे आपण काहीही बोललो तरी चुकेल, म्हणून तो चहाच्या कपात बघत राहिला. सासरे खिडकीतून भिंतीकडे बघत होते. पुष्कळ वर्षांपूर्वी स्वतःची बायको वारल्यानंतर मुलीला घेऊन या घरात ते एकटे कसे राहिले, याबद्दल ते कधी कुणाशी बोलले नव्हते आणि तेव्हाही बोलले नाहीत. मुलगी मात्र उठून त्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. मेहुणीला उशीर होत होता तरी ती थोडा वेळ थांबली. त्या संध्याकाळी सासऱ्यांनी कुणालाही कुठली वीट कुठल्या भट्टीची ते सांगितलं नाही.

मेहुणीचा अभिप्राय नगरपालिकेत पोचला. भिंतीला धोका नाही, माणसाला तर नाहीच, याचा पुरावा म्हणून साहेब रोज फिरायला जात होतेच. निरीक्षकांनी 'जैसे थे' उठवलं आणि जाताना स्वतःच्या घराच्या गच्चीवरचा एक डाग मेहुणीला दाखवायचा म्हणून तिचा नंबर घेतला. रंगाऱ्याला निरोप गेला.

रंगारी आला त्या दिवशी जावयाने रजा टाकली होती. मागितलेलं मिळालं की नाही हे त्याला अजून माहीत नव्हतं. सासऱ्यांनी त्यावर हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं, आणि परत विचारायचं त्याचं धाडस नव्हतं. तो पायरीवर बसून राहिला. रंगाऱ्याने भिंत एका टोकापासून घासायला घेतली. नळाजवळचं केशरी गेलं, पन्हळीखालचं निळसर गेलं. जावई बघत राहिला, पण उठला नाही. मधल्या चकंदळ्यापाशी आल्यावर रंगारी थबकला. त्याच्याभोवती नवीन दोरी ताणून बांधली होती, चारी बाजू काटकोनात.

"साहेब, हा तुकडा सोडायचाय का?"

"सोडायचाय," सासरे म्हणाले.

भिंतीपलीकडून हेडमास्तरांचं डोकं वर आलं. "अहो साहेब, स्वच्छ रंगवलेल्या भिंतीवर हा डाग? तुम्ही ठेवताय? कुणी सांगितलं?"

"घरातल्यांनी."

"घरातल्यांनी म्हणजे? घर तर तुमचं."

"मी एकटाच आहे का घरात?" सासरे म्हणाले आणि रंगाऱ्याकडे वळले. "दोरीच्या आत ब्रश जाता कामा नये."

जावई पायरीवरून उठला. तो रंगाऱ्याच्या डब्यापाशी गेला, डब्यात डोकावला आणि म्हणाला, "बाबा, हा बदामी रंग फार गडद आहे. याच्याशेजारी ती झालर उठून दिसणार नाही. फिकट करड्यात घ्या."

"करडा? भिंत रंगवायचीय की पाटी? रंगाचं तुम्हाला काय कळतं?"

"दिवसभर काचाच बघतो मी. नजर माझी चांगली आहे."

"नजर चांगली असेल. अक्कल कुठंय?"

"तुम्ही निवडलेल्या रंगात बैठकीची खोली बघा कशी दिसते ती. इतकी वर्षं मी बोललो नाही म्हणून."

"मग बोलायचं होतं की!"

रंगारी ब्रश खाली ठेवून सावलीत जाऊन बसला. हेडमास्तरांनी एक-दोनदा मध्ये पडायचा प्रयत्न केला, पण दोघांनीही त्यांना आमच्या घरातलं आम्ही बघू असं एकाच दमात सांगितलं आणि पुन्हा एकमेकांकडे वळले. आवाज चढत गेला. बायको स्वयंपाकघरात होती. तिने गॅस बारीक केला आणि नीट ऐकू यावं म्हणून खिडकी पूर्ण उघडली.